खाणीच्या बातम्यांत दगड कुठाय?

संपादक महोदय,

गोव्यातल्या मायनिंगची बातमी म्हटली की ट्रक, धूळ आणि कोर्टकेस, ते यायलाच हवं म्हणा, पण ज्या खनिजावरून हे सगळं रामायण चाललंय ते मुळात आलं कुठून यावर कधी चार ओळी तरी छापा की. हा दगड म्हणजे बॅंडेड आयर्न फॉर्मेशन, हातात घेतला तर लोखंडाचा काळा-तांबूस पट्टा, मग सिलिकाचा फिकट, परत लोखंडाचा, काही पट्टे तर मिलिमीटरभर जाड. असे दगड जगभर सापडतात. आजच्या समुद्रात लोखंड जेमतेम असतं कारण ऑक्सिजन मिळाला की त्याचा गंज होऊन ते तळाशी बसतं, अब्जावधी वर्षांपूर्वी हे दगड बनले तेव्हा मात्र समुद्रात ऑक्सिजन नव्हताच म्हटलं तरी चालेल, म्हणून लोखंड विरघळून राहायचं आणि जसजसा त्याचा गंज होत गेला तसतसं हळूहळू तळाशी साचत गेलं.

तेव्हा हवेतही ऑक्सिजन नव्हता, त्याचा पुरावा वेगळा. साउथ आफ्रिकेत विटवॉटर्सरॅंडला नदीतले गोटे झालेलं पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) सापडतं, गुळगुळीत झिजलेलं, आजच्या हवेत ते एवढं टिकलंच नसतं. आणि 2000 साली जेम्स फार्कर वगैरे मंडळींनी जुन्या दगडांतल्या गंधकाचे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) मोजले, त्यातला ऑक्सिजन नसलेल्या हवेतच तयार होणारा एक विचित्र पॅटर्न साधारण 2.4 अब्ज वर्षांपूर्वीच्या सुमारास गायबच होतो, म्हणजे तिथून हवेत ऑक्सिजन टिकायला लागला. मला तर हा पुरावा सगळ्यात भारी वाटतो.

पुढच्या वेळी खाणीचा फोटो छापाल तेव्हा दगडाचा क्लोजअप पण टाका, पट्टे दिसतील असा.

- एक वाचक, डिचोली