तलावाखाली प्लॉट पडले, धोक्याची नोंद मात्र जुनीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, गिरणा किती टक्के भरले, हे आपल्या अंकात रोज वाचायला मिळते. आमच्या गावावरच्या तलावाला दरवाजेच नाहीत, त्यामुळे बातमीही नाही. मातीची पाळ, एका कडेला जादा पाणी वाहून जायला सांडवा आणि पाळीवर माजलेल्या बाभळी. पारोळा, साक्री, चाळीसगावकडे असे तलाव ठिकठिकाणी आहेत.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणे सरसकट येतात. १० ते १५ मीटरची येतात ती पाळ ५०० मीटर लांब किंवा साठा १० लाख घनमीटर, अशी एखादी अट पुरी झाली तर. पावसाळ्याआधीची व नंतरची तपासणी, आपत्कालीन आराखडा हे सारे त्यांच्यासाठी. १० मीटरच्या आतला तलाव या हिशेबात नाही.

आमच्याकडे विचारणा केली तेव्हा संबंधित कार्यालयातून उत्तर आले, ‘तलाव सुस्थितीत आहे.’ असेलही. पण आम्ही विचारले होते ते हे, की पाळ फुटलीच तर खाली कोण सापडेल? धरणाचा धोका-वर्ग त्यावर ठरायला हवा. पाळ कितीही धडधाकट असली तरी खाली माणसे झोपत असतील, तर वर्ग वरचाच लागतो. १९७२ च्या दुष्काळी कामांतून तलाव झाला तेव्हा खाली नुसती शेते होती. आज नाल्याच्या दोन्ही अंगांना प्लॉट पडले आहेत, शाळा आहे. बिगरशेती (एन.ए.) परवानगी देताना वर तलाव आहे का, हे कोणी पाहिले?

लहान धरणाचा सांडवा साधारणपणे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या हिशेबाने काढतात. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस एका रात्रीच्या पावसाने तितूर नदी चाळीसगावात शिरली, ते पाहिलेल्याला हा हिशेब पुरेसा वाटणार नाही. त्यात आम्ही गावकरीही कमी नाही. चार दिवस पाणी जास्त टिकावे म्हणून सांडव्यात दगड-गोण्या रचल्या जातात. कोणी हटकले तर ‘काही व्हत नही भाऊ!’ मातीच्या पाळीवरून पाणी गेले की पाळ कापली जाते, हे त्या भाऊला कोणी सांगायचे?

पाझराचेही तसेच. पायथ्याशी नितळ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेवावे, पण गढूळ येऊ लागले की आतली माती वाहतेय असे समजून त्याच दिवशी कळवावे. बाभळी रोपटी असतानाच उपटाव्यात. मोठे झाड तोडले की मुळे आत कुजतात आणि पाण्याला वाट मिळते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. गळतीच्या तक्रारी लोकांनी आधीच केल्या होत्या. नंतर खापर फुटले धरण पोखरणाऱ्या खेकड्यांवर.

असे तलाव कुठे जिल्हा परिषदेकडे, कुठे मृद व जलसंधारण विभागाकडे. जिल्हाधिकाऱ्यांनी दोघांना एकत्र बसवून, उंची न पाहता, खाली वस्ती असलेल्या प्रत्येक तलावाची यादी करावी. पाणी कुठवर येईल ती रेषा आणि रात्री फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर मृगाआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

– एक वाचक, ता. पारोळा, जि. जळगाव