पॅच निघाला, पण तो टाकायचा कुणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, बारा वर्षं झाली. ओटीपीच्या फसवणुकीच्या बातम्या तुमच्या पेपरात जवळपास रोज असतात आणि त्या यायलाच पाहिजेत, पण मशीनच्या आत जे जुने बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, पडून असतात, ज्यांचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, निघून वर्षं उलटली तरी आपल्याकडं तो कुणी टाकत नाही, त्याबद्दल कधी काही वाचायला मिळालं नाही म्हणून लिहितोय.

परवा परीक्षेच्या कामासाठी दुसऱ्या एका संस्थेत गेलो होतो. तिथल्या लॅबमध्ये मशीनवर उबुंटू 16.04 (विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स सिस्टमचं एक जुनं व्हर्जन), 2021 नंतर एकही अपडेट नाही, आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पीकेएक्झेक या फाइलचं नाव अजून तसंच लाल पट्टीवर. माझ्या पोटात गोळाच आला.

पीकेएक्झेक म्हणजे लिनक्समधली एक छोटी युटिलिटी, साध्या युजरला परवानगी असेल तर एखादं काम रूट म्हणजे मुख्य मालकाच्या हक्कानं करून देते. लाल पट्टी याचसाठी की ही फाइल कुणीही चालवली तरी ती रूटच्या ताकदीनं चालते. आता कुठलाही प्रोग्राम सुरू होताना त्याला एक यादी मिळते, पहिलं त्याचं स्वतःचं नाव आणि मग पुढं काय करायचं ते. पॅच नसलेली पीकेएक्झेक पहिलं नाव असणारच असं धरून दुसऱ्यापासून वाचायला लागते. पण कुणी मुद्दाम रिकामीच यादी दिली तर? तर ती यादी ओलांडून शेजारच्या मेमरीत जाते, नुसती वाचत नाही तर तिथं लिहितेसुद्धा, आणि सिस्टमनं धोक्याचं म्हणून आधीच काढून टाकलेलं सेटिंग त्या वाटेनं परत आत येतं. मग एरर मेसेज दाखवायच्या वेळी ती हल्लेखोरानं ठेवलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, उघडते, तीही रूट म्हणून. पासवर्ड कुठंच लागत नाही.

हा बग मे 2009 पासून होता, म्हणजे पीकेएक्झेकच्या पहिल्या व्हर्जनपासून. 2013 मध्ये रायन मॅलन नावाच्या प्रोग्रामरनं रिकाम्या यादीची ही गडबड लिहून ठेवली होती, पण तिचा असा वापर होईल हे तेव्हा पुढं आलं नाही. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या रिसर्चरनी हा बग नोव्हेंबर 2021 मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीला गुपचूप कळवला, सगळ्यांनी मिळून पॅच तयार केला आणि 25 जानेवारी 2022 ला तो जाहीर झाला. मूळ दुरुस्ती बघाल तर दोन-चार ओळींची, यादी रिकामी असेल तर तिथंच थांब. पुढं लिनक्सच्या कर्नलमध्येही, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यातही, बदल केला की रिकामी यादी कुठल्याच प्रोग्रामला जाऊ नये. ओपनबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या सिस्टमवर ही अडचण आलीच नाही, कारण त्यांचं कर्नल अशी यादी आधीपासून नाकारायचं. त्या लोकांनी आपलं काम चोख केलं, मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे.

पण आपल्याकडं तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, दुसऱ्या दिवशी 26 जानेवारी, सुट्टी, त्यात ओमिक्रॉनमुळं कॉलेजं बंद. आणि पॅच आल्यावर काही तासांत हल्ल्याचा कोड इंटरनेटवर कुणालाही मिळत होता.

फेब्रुवारीत कॉलेज उघडलं आणि दुसऱ्याच आठवड्यात एक पोरगा मला हाक मारून म्हणाला, "सर, जरा इकडं बघा की." त्याच्या स्क्रीनवर डॉलरचं चिन्ह जाऊन हॅश आलेलं. म्हणजे तो रूट झाला होता. त्याच मशीनवर प्रॅक्टिकल परीक्षेच्या फाइल्स होत्या. पोरगं प्रामाणिक म्हणून त्यानं दाखवलं, नाहीतर मला कळलंही नसतं. मी लगेच अपडेट मारून बघितलं तर मशीन सांगतंय सगळं अप टू डेट आहे! 16.04 चा फुकट सपोर्ट एप्रिल 2021 मध्येच संपलेला, त्यामुळं हा पॅच आमच्यापर्यंत येणारच नव्हता, नव्या व्हर्जनला मात्र तो साध्या अपडेटमध्ये मिळत होता. हे मला आधी माहीत असायला हवं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून 38 मशीनवर एकेक करून त्या फाइलची रूटची ताकद काढून घेतली, कमांड मारली की नाव लाल पट्टीवरून साध्या हिरव्या रंगात येतं, तो हिरवा रंग 38 वेळा डोळ्यांनी बघितला. मग सुट्टीत सगळीकडं उबुंटूचं नवं व्हर्जन 20.04 टाकलं.

आता माझं म्हणणं एवढंच आहे की शाळा, कॉलेज, ग्रामपंचायत, पतसंस्था, सगळीकडं मशीनची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, केलेली असते, त्यात कीबोर्ड, माऊस, एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) सगळं लिहिलेलं असतं, पण अपडेट कोण टाकणार आणि कधी टाकणार याची एक ओळ मी तरी कुठल्या एएमसीत बघितलेली नाही. ती ओळ लिहून घ्या, आणि महिन्यातला एक ठरलेला दिवस त्यासाठी ठेवा. हा काही एकटा बग नव्हता, आदल्याच वर्षी जानेवारीत सुडो या रूटचं काम करून देणाऱ्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये असाच एक सापडला होता, तोही जवळजवळ दहा वर्षं जुना. आणि तुम्हालाही विनंती, असा मोठा पॅच निघाला की आतल्या पानावर का होईना पण एक छोटी चौकट द्या, कुठल्या सिस्टमला लागू आहे आणि काय करायचं एवढंच, मराठीत. माझ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या माणसाला त्याचा फार उपयोग होईल.

त्या दुसऱ्या संस्थेतल्या सरांना मी सगळी कमांड कागदावर लिहून दिली. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं, पण ॲडमिनचा पासवर्ड तिथं कुणालाच माहीत नाही, ज्यांनी टाकला होता ते तीन वर्षांपूर्वी बदलून गेले.

आपला,
एक लॅब असिस्टंट, जि. सांगली