मामा, साखळ्या रविवारी आणून देतो

तीर्थस्वरूप मामांना,
साष्टांग नमस्कार.

कुल्लूहून आणलेली शाल तुम्ही माझ्यासमोरच मामींच्या खांद्यावर टाकलीत, कुंद्याचा डबा नातवाकडे सरकवलात आणि मी आभाराचं काही बोलायला लागलो तसं म्हणालात, "ते ऱ्हाऊ दे. साखळ्या कुठं हायत?" बर्फात टायरवर चढवायच्या तुमच्या त्या साखळ्या मी बेळगावातच विसरून आलो होतो. मग विषय भातावर गेला, तिथून म्हशीवर गेला आणि माझं बोलणं राहून गेलं. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय, तो वाचून दाखवेल. मधेच उठून गोठ्याकडे जाऊ नका.

बाकीच्यांसाठी थोडं सांगायला हवं. आईचं माहेर खानापूर तालुक्यातलं, त्यामुळे त्या गावचे सगळेच आमचे मामा. हे मामा लष्करात ड्रायव्हर होते. द्रास, कारगिल, लेह या पट्ट्यात त्यांनी बर्फातून ट्रक चालवले. आता भातशेती आणि दोन म्हशी. गावात कुणी नवी गाडी घेतली की नारळ फोडायच्या आधी ती मामांना दाखवायची पद्धत आहे. मी दाखवली ती मात्र फुशारकी म्हणून. माझी डस्टर जुनीच घेतलेली, पण चारही चाकांना ताकद देणारी. गिअरजवळ गोल बटण आहे, त्यावर टू व्हील, ऑटो आणि लॉक अशा तीन खुणा. लॉक म्हणजे चारही चाकांना ताकद. ते बटण फिरवून दाखवत मी सांगितलं, "मामा, जानेवारीत मनालीला जातोय. बर्फात. याच गाडीनं."

तुम्ही बटणाकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या चाकापाशी उकिडवे बसलात आणि काडेपेटी मागितलीत. मला वाटलं विडी ओढणार. तुम्ही काडी टायरच्या खाचेत उभी खुपसलीत, नखानं खूण धरलीत आणि नातवाच्या फूटपट्टीवर ठेवलीत. तीन मिलिमीटर.

"कायद्याला चालतंय," मी म्हटलं. ते खरंच होतं, आपल्याकडे १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो. तुम्ही म्हणालात, "कायदा हितला हाय. बर्फ तितला हाय." थंड मुलखातले लोक बर्फासाठी चार मिलिमीटरच्या खाली खाच गेली की टायर बाद धरतात, हे मी नंतर वाचलं. बेळगावच्या उद्यमबागेत माझं मशीन शॉप आहे. दहा मायक्रॉनसाठी, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी, मी जॉब परत पाठवतो, आणि ज्या चार चकत्यांवर बायकोमुलं बसतात त्यांची खाच कधी मोजली नव्हती.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते टायर बर्फाचे नव्हतेच. साधारण सात अंशांच्या खाली पारा गेला की आपल्या नेहमीच्या टायरचं रबर कडक होत जातं. हिवाळी टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीला बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते ते खरे बर्फाचे. नुसतं 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, एवढंच लिहिलेलं असलं तर ते नक्षीपुरतं. मी बेळगावात चार दुकानांत विचारून आलो. एकानं हसत सांगितलं, "इल्ल री, इकडं कोण विचारतंय?" त्याचं बरोबरच आहे. आपल्याकडे थंडी म्हणजे मफलर आणि सकाळी चहा एक कप जास्त.

तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं, गाडी मनालीत ठेव आणि वर जायला तिथली गाडी, तिथला ड्रायव्हर घे. मी मान डोलावली. आमच्या खानदानात मान डोलावणं म्हणजे नाही.

ते तुम्हाला कळलं असणार, कारण श्रावणात तुम्ही मला जांबोटीच्या बाजूला घेऊन गेलात. तांबड्या चिखलाचा तो चढ अजून डोळ्यांसमोर आहे. लॉक टाकलं आणि गाडी असली चढली की मी वर जाऊन हॉर्न वाजवला. तुम्ही म्हणालात, "झालं? आता उतर." उतारावर अर्ध्यात ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. स्टिअरिंग वळवून काही उपयोग नव्हता, नाक सरळ करवंदीच्या जाळीत. तुम्ही शेजारी बसलेले, हँडलसुद्धा धरलं नव्हतं.

"चार चाकं ढकलत्यात," तुम्ही म्हणालात, "थांबवत न्हाईत. थांबायला तुझी गाडी आणि त्या पोराची जुनी मारुती सारखीच. तिलाबी बिरेक चारच हायत."

एवढंच होतं ते. इतकी वर्षं गाड्या चालवून, जाहिराती बघून, बर्फातले व्हिडिओ बघून माझ्या डोक्यात हे शिरलं नव्हतं. इंजिनाची ताकद चारही चाकांना गेली म्हणून सुटताना आणि चढताना फायदा. थांबताना आणि वळताना कामाला येतं ते फक्त रबर आणि रस्ता यांच्यामधलं घर्षण. उलट फसगत अशी की गाडी मजेत वेग घेते, त्यामुळे खाली किती निसरडं आहे हे ब्रेकला पाय लावेपर्यंत कळतच नाही.

मग तुम्ही मला खळ्यात उभं करून पावलं मोजलीत. खळ्याच्या दगडापासून बारा पावलांवर थांबून, "चाळीसच्या स्पीडला सुक्या डांबरावर हितं." गवताच्या गंजीपाशी, चाळिसाव्या पावलाला, "दाबून बसलेल्या बर्फावर हितं." आणि विहिरीच्या कट्ट्यावर हात ठेवून, ऐंशीच्या घरात, "काचेसारख्या बर्फावर हितं. विहिरीत पडला न्हाईस तर." घरी येऊन मी कागदावर गणित मांडलं. साधारण नऊ मीटर, तीस मीटर, साठ मीटर. तुमची पावलं जवळजवळ तंतोतंत उतरली. वेग निम्मा केला तर अंतर पाव होतं, हेही त्याच कागदावर दिसलं. ते तुम्ही आधीच सांगितलं होतं, "वीसच्या वर काटा गेला तर मला तोंड दाखवू नको" अशा भाषेत.

डिसेंबरात साखळ्यांचा अभ्यास घेतलात. ट्रंकेतल्या तेल लावलेल्या साखळ्या काढल्यात, मासळी बाजारातून बर्फ आणायला लावलात आणि बादलीत दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून ठेवायला सांगितलंत. बोटं बधिर झाल्यावर म्हणालात, "आता घाल." अंगणात निम्मं गाव जमलं होतं. पहिल्या खेपेला पंचवीस मिनिटं लागली आणि साखळी उलटी बसली. चौथ्या खेपेला नऊ मिनिटं. माझ्या मेव्हण्यानं त्याचा व्हिडिओ काढून सगळ्या पाहुण्यांना पाठवला, त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

आता कबुली. ही मी तुम्हाला तोंडावर दिलेली नाही.

तुम्ही चारही टायर बदलायला सांगितले होते. मी दोनच बदलले, पुढचे. मुलीची फी भरायची होती आणि मला वाटलं पुढच्यांनी वळतंय, पुढच्यांनी ओढतंय, तेवढं पुरे. चार चाकांची ताकद असलेल्या गाडीत चारही टायर सारखे झिजलेले असायला हवेत, नाहीतर मधल्या यंत्रणेवर उगाच ताण येतो, हे त्या गाडीच्या पुस्तकातच लिहिलंय. आणि दोनच बदलायचे झाले तर नवे मागे घालायचे, म्हणजे शेपूट घसरत नाही. मी उलटं केलं. आम्ही निघताना तुम्ही गाडीकडे बघितलंत तेव्हा पुढचेच टायर दिसतील अशी मी ती लावली होती.

तो दिवस असा. सकाळी पोलिसांनी चारचाकी ताकदीच्या गाड्याच वर सोडल्या, बाकीच्यांना परत फिरवलं. रोहतांगच्या डोंगराखालचा अटल बोगदा सुरू झाला ऑक्टोबर २०२० मध्ये. ९.०२ किलोमीटर आत आणि बाहेर पडलं की लाहौल. तुमच्या आठवणीत बर्फ पडला की रोहतांग खिंडीची ३,९७८ मीटर उंचीवरची वाट बंद आणि पलीकडचा मुलूख महिनोन्‌महिने तुटलेला. आता आमच्यासारखे हौशी दुपारच्या जेवणाला तिथल्या सिस्सू गावाला जातात. जाताना दोन-तीन गाड्या जागेवर चाकं फिरवताना दिसल्या. त्यांच्या बाजूनं मी चढत गेलो तेव्हा चेहऱ्यावर काय होतं ते बायकोला विचारा.

परतताना साडेचार वाजले. बोगद्यातून मनालीच्या बाजूला बाहेर पडलो तर ऊन डोंगरामागे गेलेलं. दुपारी वितळून रस्त्यावर आलेलं पाणी सावलीत पुन्हा गोठत होतं. नुसता ओला रस्ता वाटत होता. वळणापलीकडे गाड्या थांबलेल्या, शेवटी एक टेम्पो ट्रॅव्हलर. मी ब्रेक दाबला. काटा वीसच्या वर होता, खोटं कशाला बोलू. पायाखाली ब्रेक थरथरला, नव्या टायरमुळे नाकानं थोडं धरलं आणि मागचं शेपूट पुढं यायला लागलं.

तेव्हा कानात जांबोटी वाजली. "बिरेक सोड. चाक फिरू दे. जायचं तिकडं बघ आणि तिकडंच वळव." ब्रेक सोडायला जो धीर लागला तेवढा मला आयुष्यात दुसऱ्या कशाला लागलेला नाही. टेम्पो समोर येत असताना पाय उचलायचा. गाडी थोडी ऐकली, डोंगराकडे कलली आणि मागच्या बाजूनं बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली. बंपरचा कोपरा गेला. कुणाला खरचटलं नाही.

पण आभार मानायचेत ते याचेही नाहीत, मामा.

बाहेर वारा सुटला होता. मी शहाणपणा केला. बायको आणि दोघी मुली गाडीत, काचा बंद, इंजिन चालू, हीटर पूर्ण. मी खाली उतरून तुम्हाला फोन लावला. मला विचारायचं होतं की साखळ्या पुढं घालू की मागं. तुम्ही ते ऐकूनच घेतलं नाहीत.

"पोरं कुठं हायत?"

"गाडीत."

"इंजिन चालू हाय?"

"हो. हीटर लावलाय."

"आणि धुराचा पाईप कुठं हाय?"

मी मागं जाऊन बघितलं. पाईप नव्हता. म्हणजे बंपरपर्यंत बर्फ होता आणि पाईप त्याच्या आत. धुराला बाहेर जायला वाट नव्हती. तो गाडीखाली साठणार आणि कुठल्याही फटीतून आत शिरणार. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, माणूस पेंगतो आणि पेंगतच जातो. तुम्ही ओरडलात, "इंजिन बंद कर! पोरांस्नी भाईर काढ, दारं उघडी टाक. पाईप मोकळा केल्याबिगर मला फोन करू नको," आणि फोन ठेवून दिलात.

दार उघडलं तेव्हा धाकटी म्हणाली, "बाबा, झोप येतेय." दिवसभर बर्फात खेळली होती, त्याचाच थकवा असेल. बहुतेक त्याचाच. पण ते वाक्य मला अजून रात्री ऐकू येतं.

तुम्ही डिकीत टाकलेलं खोरं तेव्हा कळलं कशाला होतं. मी ते उतरवून ठेवायला निघालो होतो, सामानाला जागा नाही म्हणून. दहा मिनिटं उकरून पाईप दिसला. मग दुसरा फोन. या वेळी तुमचा आवाज एकदम मऊ, म्हशीला गोंजारताना असतो तसा. "पुढं घाल. एकच जोड हाय आणि तुझी गाडी मुळात पुढनं ओढती. मागचं शेपूट हलंल, म्हणून माणूस चालतोय तेवढ्याच वेगानं. लॉक टाक, पहिला गिअर टाक, बिरेकला पाय लावू नको." त्या बटणाचा खरा उपयोग तेव्हा समजला. लॉकमध्ये इंजिनाचा अडसर चारही चाकांना लागतो आणि गाडी स्वतःला धरत धरत उतरते. गोणपाट चाकाखाली घातलं, साखळ्या चढवल्या, थोडं पुढं जाऊन पुन्हा आवळल्या. बारा मिनिटं. बादलीपेक्षा तीन जास्त.

मनालीच्या अलीकडच्या सोलंगपर्यंत दीड तास लागला. बायको माझ्यापुढं चालत होती काही वळणांवर, खरंच चालत. डांबर उघडं दिसलं तिथं साखळ्या काढल्या. रात्री गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावले, हँडब्रेक ओढला नाही, तो गोठतो म्हणून तुम्ही सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या ड्रायव्हरला पैसे देऊन त्याच्या गाडीनं फिरलो. तो चारही चाकांना साखळ्या लावून पंधराच्या वेगानं चालला होता आणि गाणी म्हणत होता.

इथून कुणी जाणार असेल आणि 'ऑल व्हील आहे, काही होत नाही' म्हणत असेल तर त्याला मामांच्या खळ्यात पाठवा. विहिरीचा कट्टा दाखवतील.

चारही टायर आता बदललेत. काडी घेऊन या, मोजा.

साखळीची एक कडी वाकली होती, ती शॉपमध्ये नवी करून घातलीय आणि दोन्ही साखळ्यांना तेल लावून ठेवलंय. खोरंही आणतो. रविवारी दुपारपर्यंत पोचू. मामींना सांगा, मुलींनी तांदळाच्या भाकरीची ऑर्डर आत्ताच दिलीय.

तुमचा भाचा