मुलांच्या फोटोतला रंग उजळू नका

संपादक साहेब, स. न. वि. वि.

मी मूळची साताऱ्याची, गेली १९ वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहते, पेपर रोज सकाळी चहाबरोबर फोनवर वाचते. तुमच्या कितीतरी वाचकांची नातवंडं, भाचरं इकडे शाळेत आहेत म्हणून हे लिहायला बसलेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

इकडे हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं असतं आणि बारावीतल्या मुलांना सिनियर म्हणतात. त्यांचा एक खास फोटो काढतात, सिनियर पोर्ट्रेट, तो शाळेच्या यरबुकमध्ये, म्हणजे दरवर्षी निघणाऱ्या फोटोंच्या पुस्तकात, छापून येतो आणि ते यरबुक लोक आयुष्यभर जपून ठेवतात. आपल्याकडे दहावीच्या फॉर्मला लावायला कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन पासपोर्ट साइज काढला की झालं, इथे मात्र अकरावी संपली की उन्हाळ्यातच अपॉइंटमेंटचं पत्र येतं. बऱ्याच शाळांत मुलींनी खांदे उघडे राहतील असा काळ्या मखमलीचा ड्रेप, म्हणजे अंगाभोवती लावायचं कापड, घालायचा आणि मुलांनी टक्सिडो, म्हणजे समारंभात घालतात तो बो-टायचा काळा सूट, तोही बऱ्याचदा नुसता पुढून, मागे क्लिपा लावलेल्या. लांबून हौसमौज वाटते पण मुलांसाठी हा विषय साधा नसतो. मिसिसिपीत सिआरा स्टर्जिस नावाच्या मुलीने ड्रेपऐवजी टक्सिडो घालून फोटो काढला तर शाळेने २०१० च्या यरबुकात सिनियरच्या पानांवर तिचा फोटोच काय, नावसुद्धा छापलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०११ मध्ये समझोता झाला की यापुढे सगळ्यांनी सारखाच कॅप-गाऊन, म्हणजे पदवीदानाला असतो तसा झगा आणि टोपी, घालायचा. फ्लोरिडात २०२१ मध्ये बार्ट्राम ट्रेल हायस्कूलच्या यरबुकात ८० मुलींचे फोटो त्यांना न विचारता कॉम्प्युटरवर बदलले होते, कपडे वर ओढून गळे झाकलेले, तेव्हा केवढी बोंबाबोंब झाली होती.

आता आमच्या घरचं सांगते. माझी लेक शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये, म्हणजे मैदानावर संचलन करत वाजवणाऱ्या पथकात, आहे, ऑगस्टभर भर उन्हात बँड कॅम्प असतो, त्यामुळे हात चांगलेच रापलेले आणि हनुवटीखाली टोपीच्या पट्ट्याची फिकट रेघ. साताऱ्याहून आईचा रोज फोन, बेसन-हळद लाव, दही लाव, फोटो जन्माचा असतो. मीही त्यातलीच, आदल्या रात्री तिला हळद लावायला लावली आणि सकाळी कानाजवळ पिवळी छटा राहिली ती घासून घासून काढली. ऑर्डर फॉर्मवर रिटचिंगचा, म्हणजे फोटो नंतर कॉम्प्युटरवर सफाईदार करून देण्याचा, चौकोन होता, मला वाटलं पुटकुळ्या काढतील, केली टिक. फोटो आले ते मी नीट न बघताच फॅमिली ग्रुपवर टाकले आणि लगेच सुरू झालं, किती उजळ दिसतेय, ओळखूच येत नाही, छान गोरी आलीये.

माझी मुलगी रविवारच्या मराठी शाळेत आठ वर्षं गेलीये, तिला देवनागरी वाचता येतं. तिने ते सगळं वाचलं, मग लॅपटॉपवर फोटो मोठा केला आणि आपला रापलेला हात स्क्रीनला लावून बघत बसली. हनुवटीवरचा तीळ पण गेला होता, तोच तीळ माझ्या वडिलांना होता. मला म्हणाली, आई, उजळ आले म्हणजे आधी मी कशी होते? मला काय बोलावं ते सुचेना, खरंच सांगते, रात्रभर झोप नाही लागली. दुसऱ्या दिवशी स्टुडिओला फोन केला, त्यांनी रंग आणि तीळ पूर्ववत करून दिला, पैसे नाही घेतले, यरबुकच्या मुदतीला दोनच आठवडे उरले होते.

म्हणून सांगते, फॉर्मवर सूचना लिहायला जागा असली तर स्पष्ट लिहा की फक्त पुटकुळ्या काढा, रंगाला हात लावू नका. हळद, फेशियल, नवीन क्रीम काहीही आठवडाभर आधी बंद. केस कापायचे तर दहा-पंधरा दिवस आधी, अगदी आदल्या दिवशी नको. चष्मा रोजचाच असू दे, काचेवर चमक येते ती फोटोग्राफर चष्मा जरा वाकडा करून घालवतो. बारीक रेघांचा शर्ट टाळा, फोटोत लहरी उमटतात. आणि पॅकेज घेण्याआधी विचारा की फोटोची फाइल मिळणार का, कारण इथे कॉपीराइट साधारणपणे फोटोग्राफरकडे राहतो, त्याच्या लेखी परवानगीशिवाय बाहेरची दुकानं प्रिंट काढून देत नाहीत, आणि भारतात पाठवायला दहा प्रिंट स्टुडिओकडूनच घ्यायच्या तर किंमत ऐकूनच घाम फुटतो.

एक मात्र फार छान झालं. ड्रेपमुळे गळा मोकळा राहतो नं, तर लेकीने स्वतःहून आजीची ठुशी मागितली. मला वाटलं शाळेच्या फोटोत जरा जास्तच होईल, पण तिने ऐकलं नाही आणि तिचंच बरोबर होतं, काळ्या मखमलीवर ती ठुशी अशी काही उठून दिसते. दुसरा फोटो बाहेर मैदानावर, सूर्य मावळायच्या तासभर आधी, गळ्यात ताशा आणि घामेजलेला चेहरा. साताऱ्याला टीव्हीशेजारी आईने तोच लावलाय.

आजी-आजोबांना, मावश्या-आत्यांना हात जोडून विनंती आहे, फोटो आला की रंगाबद्दल एक अक्षर लिहू नका, ही मुलं वाचतात. पत्र छापणार असाल तर शक्यतो जुलैच्या आत छापा, अपॉइंटमेंटा तेव्हापासूनच सुरू होतात.

आपली नम्र,
एक आई, एडिसन, न्यू जर्सी