समोर कोण बसलंय?

डोंबिवली (पूर्व)
रविवार, दुपार

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

परवा इंग्लंडहून फोनवर तू विचारलंस, "बाबा, तुम्ही तर बँकेच्या फॉरेक्समध्येच, परकीय चलनाच्या खात्यातच होतात, सांगा ना, चलनांचे सौदे आपोआप करणाऱ्या माझ्या प्रोग्रामसाठी, रोबोटसाठी, कुठला ब्रोकर घेऊ," आणि मी "बघतो" म्हणून विषय टाळला. नंतर तुझी आई म्हणाली, एवढी वर्षं त्याच खात्यात काढलीत आणि पोराला दोन वाक्यं सांगता येईनात? फोनवर खरंच येत नाहीत. म्हणून लिहितोय. येईल ईमेलनेच, पण पत्र समजून वाच, बसमध्ये चाळू नकोस.

आधी एक खुलासा. नातेवाइकांत माझी ख्याती 'डॉलर-पौंडात खेळणारा माणूस' अशी आहे. ती खोटी. खेळायचे ते डीलर, काचेपलीकडे, दोन कानांना दोन फोन लावून. मी बॅक ऑफिसवाला. त्यांनी सौदा केला की डील स्लिप माझ्या टेबलावर यायची. समोरच्या बँकेचं कन्फर्मेशन आलं की दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचे, रक्कम, दर, व्हॅल्यू डेट (पैसे द्यायचा ठरलेला दिवस) बोटाने जुळवायची आणि लाल पेन्सिलीने टिक करायची. टिक नसलेली स्लिप ट्रेमध्ये उरली तर घरी जायचं नाही. पौंड चढला की पडला याच्याशी आम्हाला कर्तव्यच नव्हतं. प्रश्न एकच: समोर कोण आहे, आणि ठरल्या दिवशी तो पैसे देणार का?

खात्यात नवा असताना आमच्या साहेबांनी हर्स्टॅटची गोष्ट सांगितली होती. जर्मनीतल्या कोलोनची बँक. २६ जून १९७४ ला तिच्याशी सौदे केलेल्या बँकांनी मार्क, म्हणजे तेव्हाचं जर्मन चलन, देऊन टाकले होते, बदल्यात न्यूयॉर्कमध्ये डॉलर मिळायचे होते. न्यूयॉर्कचा दिवस सुरू होतोय तोवर जर्मनीत बँकेला टाळं लागलं. मार्क गेले, डॉलर आलेच नाहीत. पैसे अडकलेल्या त्या बँकांचा दर चुकला नव्हता. या जोखमीला आजही हर्स्टॅटचंच नाव आहे.

आता तुझा 'ब्रोकर'. मला हा शब्दच खटकतो. आपल्याकडे दलाल म्हणजे घेणारा आणि विकणारा यांच्या मधला माणूस. तू एनएसईवर शेअर घेतलास तर दलाल मध्येच असतो, सौदा एक्स्चेंजवर होतो आणि तो पुरा करायची हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशनची असते. तिथे लंडनच्या अ‍ॅपवर तू पौंड-डॉलरचं 'बाय' दाबतोस तेव्हा बहुतेक वेळा समोर विकणारी तीच कंपनी असते. तुझा करार तिच्याशी. पुढे ती तो सौदा मोठ्या बँकेकडे उतरवेल, ज्याला ते लोक 'ए बुक' म्हणतात, किंवा स्वतःकडेच ठेवेल, ते 'बी बुक'. दुसऱ्या प्रकारात तू हरलास की ती जिंकते. यात बेकायदा काही नाही, करारात लिहिलेलंही असतं. पण लिहिलं एक आणि केलं दुसरं असंही झालेलं आहे. एफएक्ससीएम ही त्या धंद्यातली बडी कंपनी, 'आमचं डीलिंग डेस्कच नाही', म्हणजे ग्राहकासमोर आम्ही स्वतः उभे राहत नाही, अशी जाहिरात करायची. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या सीएफटीसी या वायदेबाजार नियामकाने तिला ७० लाख डॉलर दंड करून तिथल्या धंद्यातून बाहेर काढलं. कारण ग्राहकांचे सौदे ज्या कंपनीकडे जात होते तिच्यात हिचाच आतून हितसंबंध होता.

म्हणून माझं पहिलं सांगणं कंटाळवाणं आहे: करार उघड आणि त्यावर कंपनीचं पूर्ण नाव काय आहे ते बघ. लोगो बघू नकोस. एकाच लोगोखाली एक कंपनी लंडनची असते, एक सायप्रसची, एक सेशेल्सची, एक सेंट व्हिन्सेंटची. (सेंट व्हिन्सेंटच्या नियामकाने तर स्वतःच सांगून टाकलंय की फॉरेक्स ब्रोकरला आम्ही परवाना देतच नाही. तरी लोक तिथला नोंदणी क्रमांक मिरवतात.) ते नाव आणि फर्म रेफरन्स नंबर (कंपनीचा नोंदणी क्रमांक) एफसीएच्या, म्हणजे तिथल्या वित्तीय नियामकाच्या, रजिस्टरवर टाक. तिथे जो फोन नंबर दिसेल त्यावर फोन कर, वेबसाइटवरच्या नव्हे. खऱ्या कंपनीचं नाव आणि नंबर उचलून दुकान थाटणारे नकली लोक तिथेही आहेत, त्यांना 'क्लोन' म्हणतात.

तिथल्या कायद्याने तुला बरंच दिलंय ते फुकट घालवू नकोस. १ ऑगस्ट २०१९ पासून एफसीएने मुख्य चलनजोड्यांवर किरकोळ ग्राहकाला ३० पटीपेक्षा जास्त लिव्हरेज, म्हणजे ठेवलेल्या पैशाच्या ३० पटीपेक्षा मोठा सौदा, द्यायला बंदी केली आहे. खात्यात जमा असेल त्यापेक्षा जास्त बुडवता येत नाही. कंपनी बुडाली आणि ग्राहकांचे पैसे सापडले नाहीत तर भरपाई योजनेतून ८५,००० पौंडांपर्यंत मिळू शकतात. सौद्यातला तोटा अर्थातच कोणी भरून देत नाही. आणि खातं उघडायला बोनस देणं तिथे मना आहे. तेव्हा कोणी 'डिपॉझिटवर ५० टक्के बोनस' म्हणाला की समजून जा, हा लंडनच्या दारातून बोलत नाही.

हे नियम उगाच आले नाहीत. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची धरून ठेवलेली पातळी अचानक सोडली. काही मिनिटांत फ्रँक ३० टक्क्यांच्या आसपास उसळला. स्टॉप लॉस, म्हणजे ठरावीक दराला तोटा थांबवायच्या ऑर्डरी, लावलेले होते, पण त्या दराला घेणारा-देणारा कोणी नव्हताच. कित्येकांच्या खात्यात शिल्लक उणे झाली, आणि ग्राहकांकडून न आलेले पैसे ब्रोकरच्या अंगावर आले. अल्पारी यूके ही ब्रोकर कंपनी चार दिवसांत दिवाळखोरीत गेली. वेस्ट हॅम या फुटबॉल संघाच्या जर्सीवर तिचं नाव होतं तेव्हा. जर्सीवरचं नाव बघून ब्रोकर निवडायचा नसतो, हे तुझ्या त्या फुटबॉलवेड्या मित्राला सांग.

आता रोबोट. तू पाठवलेला बॅकटेस्टचा, म्हणजे जुन्या दरांवर रोबोट चालवून पाहिल्याचा, आलेख पाहिला. तुझ्या आजीच्या भांगासारखी सरळ रेघ, खालून वर. मी आलेख सोडला आणि सौद्यांची यादी उघडली, सवय जात नाही. लॉटच्या, म्हणजे सौद्याच्या आकाराच्या, रकान्यावरून (एक लॉट म्हणजे एक लाख पौंड) बोट खाली नेलं: ०.०१, ०.०२, ०.०४, ०.०८. तोटा झाला की दुप्पट. मटक्यावर लावणारे आमच्या चाळीतले लोक हेच करायचे, त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता एवढंच. सलग नऊ तोटे झाले की दहाव्या पायरीला लॉट होतो ५.१२, म्हणजे ५ लाख १२ हजार पौंडांचा सौदा. ३० पटीच्या हिशोबाने त्याला मार्जिन, म्हणजे अनामत, लागतं १७ हजार पौंडांवर. तू टाकणार दोन हजार. ५०० पटीवर मात्र तोच सौदा हजार-एक पौंडांत बसतो. आता तुझ्या लक्षात येईल की रोबोट विकणारा तुला लंडनची कंपनी सोडून सेशेल्सवालीच्या लिंकवर का पाठवतोय. शिवाय त्या लिंकमधून तू प्रत्येक लॉट केलास की त्याला कमिशन मिळत असणार. तू जिंक नाहीतर हर, सौदे होत राहिले म्हणजे झालं.

आणि सौदे म्हणजे खर्च. पौंड-डॉलरचा ०.१ लॉट धर, एका पिपला (दराच्या चौथ्या दशांशातला एक) एक डॉलर. स्प्रेड, म्हणजे घ्यायच्या आणि विकायच्या दरातलं अंतर, एक पिप असेल तर घेऊन विकायच्या प्रत्येक फेरीला एक डॉलर गेला. रोबोट दिवसाला २० फेऱ्या करतो म्हणतोस, महिन्याचे कामाचे दिवस २१. झाले ४२०. आकडा मी मुद्दाम जुळवलेला नाही, तूच करून बघ. तुझ्याकडे रात्री दहाच्या सुमारास, न्यूयॉर्कचा दिवस संपतो तेव्हा, तोच स्प्रेड कित्येक पट फुगतो आणि रोबोट झोपलेला नसतो. तुझ्या बॅकटेस्टमध्ये स्प्रेड दिवसरात्र एकच धरलाय. रात्र ओलांडली की व्याजाचा फरक, ज्याला स्वॅप म्हणतात, तो वेगळा, बुधवारी तिप्पट.

एवढं सांगूनही तू करणारच हे मला ठाऊक आहे. माझाच मुलगा आहेस, नको म्हटलेलं आधी करून बघतोस. मग असं कर. दुप्पट करणारा हा रोबोट काढून टाक, साधा, ठरावीक लॉटचा तुझा स्वतःचा लिही, तुला कोड येतो. एफसीएच्या कंपनीत २०० पौंड टाक. डेमोवर, म्हणजे खोट्या पैशांच्या सरावखात्यावर नको, डेमोत ऑर्डर बहुधा मागितलेल्या दरालाच भरते, तिथे समोर कोणी नसतंच. दोन महिने सगळ्यात लहान लॉटवर चालव, आणि रोबोटला प्रत्येक ऑर्डरचे दोन दर फाइलमध्ये लिहायला लाव: कोणता दर मागितला आणि कोणता मिळाला. दीडदोनशे सौदे झाले की ती फाइल मला पाठव. जुळवायचं काम माझं, लाल पेन्सिल अजून आहे. फरक कधी आपल्या बाजूने, कधी त्यांच्या बाजूने पडला तर ठीक, बाजार असाच असतो. सगळा त्यांच्याच बाजूने पडत असेल तर निघायचं. २०१४ मध्ये एफसीएने त्याच एफएक्ससीएमच्या लंडनच्या कंपन्यांना ४० लाख पौंड दंड केला होता तो यासाठीच: दर ग्राहकाच्या फायद्याचा सरकला की तो फायदा ग्राहकाला न देता समूहात ठेवला जायचा.

दुसरी परीक्षा पैसे परत काढायची. खातं चालू असताना, काही भांडण नसताना, पन्नास पौंड काढून बघ. किती दिवसांत येतात, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात येतात का, 'आधी टॅक्स भरा' किंवा 'आधी इतके लॉट पुरे करा' असं काही ऐकवतात का. पैसे घेताना सगळेच हसतमुख असतात रे.

आता जे फोनवर बोलायचं टाळलं ते. तू सहज म्हणालास, "तुमची एफडी मॅच्युअर होतेय ना, त्यातले थोडे." ते होणार नाही, आणि मी कंजूष आहे म्हणून नव्हे. एलआरएसखाली, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या बाहेर पैसे पाठवायच्या योजनेखाली, मला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात हे खरं. तुझ्या घरभाड्याला लागले तर उद्या पाठवतो. पण परदेशातल्या मार्जिनसाठी एक डॉलरही पाठवायला परवानगी नाही, आणि कारण 'कुटुंबाचा निर्वाह' लिहून मी ए-टू फॉर्मवर, बाहेर पैसे पाठवायच्या अर्जावर, सही करणार नाही. इतरांच्या फॉर्मवरच्या अशा सह्या पकडण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. तू तिथला रहिवासी, तुझ्या पगारातून तुला तिथल्या कायद्याने जे करायचं ते कर.

संतोषदादाचं तुला कळलंच असेल. इस्लामपुरात बसून तो अशाच एका परदेशी अ‍ॅपवर युरो-डॉलर करत होता. इथल्या रहिवाशाला तसं करता येतच नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा अनधिकृत नावांची यादी काढली, तेव्हा ३४ होती, पुढे वाढत गेली. यादीत नाही म्हणजे चालतं असंही नाही, हे तिने स्पष्ट केलंय. आपल्या एक्स्चेंजवर रुपयाचे फ्यूचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, आहेत, पण २०२४ पासून तिथेही खरोखरचं देणं-घेणं असलेल्यालाच जागा आहे. दिवाळीत मी त्याचा मोबाइल हातात घेतला आणि यूपीआयची जुनी पेमेंटं बघितली. अ‍ॅपला पाठवलेले पैसे एकदा कुठल्याशा साडी सेंटरला गेलेले, एकदा मोबाइल शॉपीला, एकदा कोणा बाईच्या नावावर. मी विचारलं, ही बाई कोण? तो म्हणाला, "काका, ते गेटवे असतं." पुढच्या महिन्यात त्याला 'नफ्याचे' चाळीस हजार आले, तेही असेच कोणाच्या तरी खात्यातून. ते पैसे दुसऱ्या राज्यात कोणाला तरी फसवून काढलेले होते. सायबर पोलिसांच्या पत्रावरून संतोषचं खातं होल्डवर गेलं, त्यात त्याचा दुधाचा पगारही अडकला. खातं सुटायला चार महिने लागले. तक्रार करायला जावं तर फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, भंग आपणच केलेला, आणि त्याला दंड रकमेच्या तिप्पटीपर्यंत. वहिनींना अजून पूर्ण सांगितलेलं नाही, तू बोलू नकोस.

असो. आता कराराच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव, कंपनीचं नाव आणि पत्ता दिसला पाहिजे. ऑर्डर एक्झिक्युशन पॉलिसी नावाची वेगळी पीडीएफ असेल, तीही पाठव. तिच्यात ते 'प्रिन्सिपल' म्हणून, म्हणजे स्वतःच समोरचा पक्ष होऊन, सौदा करतात का ते मला वाचायचंय.

मेतकूट आणि कुळथाचं पीठ शेजारच्या कुलकर्ण्यांच्या सुनेबरोबर येतंय, तिला हीथ्रोवर आणायला जा. आईने विचारलंय, हा रोबोट निदान रविवारी तरी सुट्टी घेतो का. मी सांगितलं, शनिवारीही घेतो, पण रविवारी रात्री दहाला कामावर हजर असतो.

तुझे,
बाबा