आई-बाबा, आधी पूर्ण वाचा

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर आईचा आवाज ऐकला की गळा दाटतो, म्हणून लिहिते आहे. मी नोकरी सोडली. पुढच्या महिन्यापासून इथे सॅन डिएगोजवळच्या चुला व्हिस्टात मैत्रिणीच्या टाको शॉपमध्ये, म्हणजे मेक्सिकन खाण्याच्या दुकानात, भागीदार. सह्या झाल्या आहेत.

आजोबांच्या गिरणीचं जे झालं ते मनात आणू नका. दुकान चालतं आहे, वह्या मी स्वतः तपासल्या. सॅन डिएगोत हा धंदा मुरलेला आहे. 1964 मध्ये रोब्लेडो नवरा-बायकोनी मेक्सिकोच्या सीमेलगतच्या सॅन इसिड्रोत टॉर्टियांचा (त्यांच्या पातळ पोळ्यांचा) कारखाना काढला, त्यातूनच रोबर्टोज नावाची टाकोची दुकानं उभी राहिली. आमच्याकडे सर्वांत जास्त खपतात कार्ने असादा फ्राइज. हा पदार्थ इथलाच. 1990च्या दशकाच्या अखेरीस लोलिताज नावाच्या दुकानात सुरू झाला असं सांगतात. गरम फ्राइजवर चीज, ग्वाकामोले (ॲव्होकॅडोची चटणी), सावर क्रीम, पिको दे गायो (कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, वर लिंबू, बाबा, तुमची कोशिंबीरच!) आणि जाळावर भाजून बारीक चिरलेलं मांस.

ते मांस गाईचं असतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. मी खात नाही, खाणारही नाही. माझ्याकडे खरेदी, गल्ला आणि हिशेब. बाबांच्या गळ्यातल्या माळेचा मान मला ठाऊक आहे. पण ज्यांच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या शिजतं, त्यांच्या कष्टात भागी व्हायला मला कमीपणा वाटत नाही. रागावलात तरी चालेल, अबोला नको.

माझ्यापुरता बिनमांसाचा डबा करतात, घेवड्यासारख्या बीन्स घालून. बीन्समध्ये डुकराची चरबी घालायची पद्धत असते, म्हणून माझ्यासाठी त्या तेलात करतात. चीज करपून कडेला चिकटलेले तुकडे मी आधी उचलते. आई, काचऱ्यांची खरपूड तू माझ्यासाठी कढईतच ठेवायचीस ना, दादाला न दाखवता?

पैसे दरमहा पाच तारखेला येतील, पूर्वीइतकेच. तुम्ही आलात की तवा, कुकर, सगळं वेगळं. दुकानातून आले की अंघोळ करूनच ओट्याशी जाईन.

बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, आणि पंखे पुसायला स्टुलावर चढायचं नाही, त्यासाठी माणूस बोलवा. आई, गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात काढ. रविवारी फोन करेन तेव्हा रिपोर्ट हातात हवा.

तुमची,
मनू