ताई, आधी तुम्ही स्वतःचा अंबाडा सोडलात

आदरणीय आरोग्यसेविका ताई,

स. न. वि. वि.

दुसरी-तिसरीच्या पोरींच्या डोक्यातल्या उवा बघायला आलात आणि बाईंच्या हातात फणी देऊन म्हणालात, "आधी माझं डोकं बघा." पांढऱ्या पंचावर पहिले तुमचे केस विंचरले गेले, मग बाईंचे, मग पोरींचे. लहान पोरीची मान खाली जाऊ नये म्हणून आधी स्वतःची मान पुढे करणारं माणूस क्वचित भेटतं.

कारण याच पोरींना आधी मागच्या बाकावर बसवलं होतं. "घाणेरड्या" म्हटलं होतं. एकीचे केस भादरून आणा, असा निरोप घरी गेला होता. उवा ना उडतात ना उड्या मारतात. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात, रोज न्हाणाऱ्या डोक्यातही. हे तेव्हा कुणीच सांगितलं नाही. लोशनची बाटली हातात दिली, संपलं. तेही तेल चोपडलेल्या केसांवर एकदाच लावलं गेलं.

तुम्ही चूक नेमकी दाखवलीत. आधी साध्या शांपूने केस धुवायचे, कंडिशनर लावायचा नाही, पंचाने टिपायचे, मग १ टक्का पर्मेथ्रिन हे उवांचं औषध १० मिनिटं ठेवून धुवायचं. लिखा त्याने सगळ्या मरत नाहीत आणि ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून नवव्या दिवशी दुसरी खेप. मधल्या काळात दर दोन-तीन दिवसांनी ओल्या केसांतून मुळापासून टोकापर्यंत फणी, कानामागे आणि मानेवर जास्त. कोंडा बोटाने सरकतो, लीख सरकत नाही. टाळूपासून लांब गेलेली पांढरी लीख बहुधा रिकामं टरफल असते, हे कळल्यावर उगाच पुन्हा पुन्हा औषध लावणं थांबलं.

सीताफळाच्या बियांची पूड घेऊन आलेल्या आजींवर तुम्ही ओरडला नाहीत. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, एवढंच समजावलंत, आणि फणी त्यांच्याच हाती दिलीत. त्यांच्याइतका सराईत हात आमच्यात कुणाचाच नाही!

जूनमध्ये शाळा उघडली की पुन्हा या, ताई. फण्या कढत पाण्यात १० मिनिटं बुडवून, पुसून तयार ठेवू. पहिली खुर्ची तुमची.

आपल्या,
शाळेतल्या शिक्षिका आणि पालक